प्रॉमचा गाऊन आणि शिवणीतली माया

न्यू जर्सीतल्या आमच्या भागात हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाचा प्रॉम मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात होतो, पण मुलींच्या पोशाखाची बोलणी नाताळची सुट्टी संपते न संपते तोच सुरू होतात. १९ व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये रुजलेला हा औपचारिक नृत्यसमारंभ पुढे हायस्कुलांत आला. ‘प्रॉमनेड’ या शब्दाचे हे आखूड रूप. माझ्या मुलीचा प्रॉम यंदा झाला. जानेवारी ते मे असे जवळजवळ पाच महिने आम्ही दोघींनी जे शोधले, मोजले, घालून पाहिले, उसवले आणि पुन्हा शिवून घेतले, ते सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण ज्यांच्या मुलींचा प्रॉम पुढल्या वर्षी आहे अशा माझ्या तीन-चार मैत्रिणींनी मला एकच प्रश्न विचारला आहे: अंगाला शोभेल असा गाऊन निवडायचा तरी कसा?

माझी आई साताऱ्याला घरी शिवणकाम करत असे आणि मी तिच्या मशीनशेजारी बसून काजे-बटणे करत वाढले. त्यामुळे कपड्याकडे पाहताना माझी नजर आधी शिवणीकडे जाते. असे असूनही आमची पहिली खरेदी फसली, आणि ती का फसली हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

फेब्रुवारीत मुलीने एका संकेतस्थळावर गुलाबी सॅटिनचा एक गाऊन पाहिला. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत चोपून बसणारा आणि तिथून पुढे माशाच्या शेपटीसारखा फाकणारा. छायाचित्रातल्या मुलीवर तो फार सुंदर दिसत होता. आम्ही नेहमीच्या जीन्सच्या साइझवरून तो मागवला. घरी आला तेव्हा त्याला आतून अस्तर नव्हते, कापड इतके पातळ होते की खिडकीशी धरल्यावर पलीकडची कुंडी दिसत होती, आणि मागची चेन नितंबांपाशी येऊन अडत होती. परत घेण्याची सोय नाही असे त्यांच्या अटींत बारीक अक्षरांत लिहिलेले होते. मुलगी आरशासमोर उभी राहिली, श्वास आत ओढून चेन कशीबशी वर नेली, आणि मग तिचा उजवा हात सारखा नितंबांपाशी जाऊन कापड खाली ओढू लागला. ती काही बोलली नाही, पण तिचा हात बोलत होता. त्या दिवसापासून मी आरशाऐवजी तिच्या हाताकडे पाहायला शिकले, आणि पुढच्या सगळ्या निवडीत तीच आमची कसोटी ठरली. ज्या पोशाखात मुलीचा हात पुन्हा पुन्हा एकाच जागी जातो, तो पोशाख त्या जागी चुकलेला असतो, मग तो दिसायला कितीही देखणा असो.

त्यानंतर आम्ही नीट टेप घेऊन बसलो. छाती, कंबर, नितंब ही तीन मापे सगळेच घेतात. आम्ही खांद्यापासून कंबरेपर्यंतची उंचीही घेतली, आणि ते माप सर्वांत कामाचे ठरले. मुलीची उंची पाच फूट एक इंच आहे. प्रॉमचे तयार गाऊन तिच्यापेक्षा पुष्कळ उंच मुलीला, तेही उंच टाचांच्या चपलांसह, धरून कापलेले असतात. गाऊन जमिनीवर लोळतो हे सगळ्यांना दिसते, पण गाऊनची कंबर मुलीच्या कंबरेच्या खाली उतरली आहे हे चटकन लक्षात येत नाही. आमच्या बाबतीत बहुतेक गाऊनची कंबर तिच्या कंबरेखाली एक ते सव्वा इंच येत होती. तेवढ्याने पाय आखूड दिसतात, पोटावर कापडाची घडी पडते, आणि मुलीला वाटते की आपले पोटच सुटले आहे. कमी उंचीच्या मुलीने गाऊन केवळ खालून आखूड करून घेऊ नये. पट्टे किंवा खांदे असतील तर तो आधी खांद्यातून उचलून कंबर जागेवर आणावी आणि मगच घेराची उंची ठरवावी.

साइझच्या आकड्याबद्दल एक गोष्ट मला मुलीला आवर्जून समजावून सांगावी लागली. जीन्समध्ये ती चार नंबरची. गाऊनच्या तक्त्यात मात्र ती छातीच्या मापाने चार, कंबरेच्या मापाने सहा आणि नितंबांच्या मापाने आठ नंबरची निघाली, आणि आठ हा आकडा ऐकून तिचा चेहरा उतरला. हे आकडे मुळात आले कुठून ते पाहिले तर त्यांचे ओझे वाटण्याचे काही कारण उरत नाही. अमेरिकी सरकारच्या कृषी खात्याने सुमारे १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली, त्यावरचा अहवाल १९४१ साली निघाला, आणि पुढे त्याच मापांच्या आधारावर १९५८ साली तयार कपड्यांच्या साइझचे एक ऐच्छिक प्रमाण ठरवण्यात आले. त्या हिशेबात गोऱ्या स्त्रियांचीच मापे धरली होती. कारखानदारांनी ते प्रमाण फारसे पाळले नाही आणि १९८३ साली ते मागेही घेण्यात आले. आज प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा आहे, आणि औपचारिक गाऊन बनवणाऱ्यांचे आकडे रोजच्या कपड्यांपेक्षा एक-दोन पायऱ्या वर असणे ही नेहमीची गोष्ट आहे. माझ्या मुलीचे नितंब कंबरेच्या मानाने रुंद आहेत, तिच्या आजीसारखे आणि माझ्यासारखे; तो बांधा कुठल्याही एका तक्त्यात नेमका बसणार कसा?

म्हणून नियम असा, की तिन्ही मापांत जे सर्वांत मोठ्या साइझचे येईल त्या साइझचा गाऊन घ्यावा आणि बाकीचा अंगाबरोबर बारीक करून घ्यावा. बारीक करणे सोपे असते. मोठे करायचे तर शिवणीत माया, म्हणजे आत दुमडून सोडलेले जादा कापड, असावी लागते, आणि आपल्याकडचे शिंपी ब्लाउजच्या बाजूंना जशी सढळ माया सोडतात तशी ती अमेरिकेतल्या स्वस्त तयार कपड्यांत सापडत नाही. या नियमाला एक अपवाद आहे. घेर कंबरेपासूनच सुटत जाणारा असेल तर नितंबांचे माप आड येत नाही, आणि छाती-कंबर पाहून साइझ ठरवता येते.

हाच अपवाद आम्हाला कटाच्या प्रश्नाकडे घेऊन गेला. कंबरेत बसणारा आणि खाली हळूहळू रुंदावत जाणारा कट आज जगभर ‘ए-लाइन’ म्हणून ओळखला जातो. हे नाव ख्रिश्चन दिओरने १९५५ सालच्या आपल्या एका संग्रहाला दिले होते. हा कट बहुतेक मुलींना शोभतो, त्याचे कारण सोपे आहे: जिथे शरीर बारीक आहे तिथे तो टेकतो आणि जिथे रुंद आहे तिथून तो सुटतो. त्याच्या जोडीला खांद्यापासून खाली उतरणाऱ्या उभ्या शिवणी असतील, म्हणजे ब्लाउजमध्ये आपण ज्याला प्रिन्सेस कट म्हणतो तो असेल, तर शिंप्याला छाती आणि कंबर वेगवेगळी आवळता येते. टक्स, म्हणजे टोकाकडे निमुळत्या शिवलेल्या चुण्या, घातलेल्या गाऊनमध्ये एवढी मोकळीक मिळत नाही.

मुलीचे मन मात्र दुसऱ्याच एका प्रकारावर जडले होते. पातळ पट्ट्यांचा, उरेब कापलेला सॅटिनचा गाऊन. उरेब कापणे म्हणजे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना ४५ अंशांच्या कोनात कापणे. पॅरिसच्या मादलेन व्हियोने यांनी १९२० च्या दशकात या कापणीवर अख्खे पोशाख उभे केले, आणि पोशाख कापण्याआधी त्या लाकडी छोट्या बाहुलीवर कापड लावून पाहत असत. उरेब कापड स्वतःच ताणते, म्हणून ते पाण्यासारखे अंगावरून उतरते. मला स्वतःला याहून सुंदर कापणी माहीत नाही. पण ते कापड अंगावरचे सगळे सांगून टाकते: आतल्या कपड्याची शिवण, जेवणानंतरचे पोट, श्वास. शिवाय असा गाऊन आखूड करण्याआधी निदान एक दिवस टांगून ठेवावा लागतो, नाहीतर कापड पुढे ताणत जाऊन काठ खाली-वर होतो. दुकानात तिने तो घातला तेव्हा दुकानातल्या बाईंनी, तिच्या मैत्रिणीने आणि मीही मनापासून वाहवा केली. त्यानंतरच्या दहा मिनिटांत तिचा तळहात पोटावर आठ-दहा वेळा गेला. मी तिला काहीच सांगितले नाही. तीच म्हणाली, “आई, हा घालून मी रात्रभर पोट आत ओढूनच बसेन. मला नाचायचंय.” गाऊन परत हँगरवर गेला.

या निमित्ताने मैत्रिणींशी माझा जो मतभेद आहे तोही नोंदवते. ‘दोष झाकणारा’ पोशाख शोधण्याची जी भाषा आपल्या घराघरांत आहे (दंड जाड आहेत तर बाही हवी, उंची कमी तर हे नको, रंग सावळा तर ते नको), ती सतरा वर्षांच्या मुलीसमोर वापरू नये असे मला ठामपणे वाटते. तिच्या मनात ते शब्द पोशाखापेक्षा जास्त दिवस राहतात. मी कापडाबद्दल बोलायचे ठरवले होते: मुंढा (बाही जोडायची गोलाई) खोल आहे, कंबर खाली उतरली आहे, अस्तर अपुरे आहे. गाऊनमध्ये खोट असली की ती शिवणीत असते आणि शिवण उसवता येते.

रंग आम्ही घरीच ठरवला, आणि तो भाग मला फार प्रिय आहे. दुकानांतल्या पिवळसर दिव्यांखाली रंगाचा काहीच भरवसा देता येत नाही. एका रविवारी सकाळी मी ट्रंकेतल्या साड्या काढल्या, मुलीला उत्तरेकडच्या खिडकीसमोर बसवले आणि एकेक पदर तिच्या खांद्यावरून गळ्याशी आणून पाहिला. या देशात प्रॉमसाठी जे रंग फार चालतात, म्हणजे फिकट गुलाबी, शॅम्पेन, हस्तिदंती, त्यांच्या जवळची एक फिकी टसर लावली तेव्हा तिचा गव्हाळ रंग मातकट झाला आणि डोळ्यांखालची वर्तुळे दिसू लागली. आंबा रंगाने चेहऱ्यावर ऊन पडले, पण तो गाऊनला फार बोलका वाटला. मग माझ्या लग्नातली मोरपंखी पैठणी काढली, आणि पदर गळ्याशी येताच तिचे डोळे, केस आणि दात सगळे एकदम लख्ख झाले. आजी व्हिडिओवर होती. ती लगेच म्हणाली, “अगं, हाच. आणि त्यावर माझी चिंचपेटी.” आजीला ‘गाऊन’ म्हणजे घरात घालायचा सुती गाऊन एवढेच ठाऊक होते, त्यामुळे तसला पोशाख घालून समारंभाला जायचे हे तिला आधी पटतच नव्हते, मोरपंखी रंग पाहिल्यावर तिची हरकत संपली.

प्रॉमला लेहंगा किंवा साडी नेसून जाणाऱ्या मुलीही आमच्या शाळेत आहेत आणि त्या फार छान दिसतात. माझ्या मुलीला गाऊन हवा होता, म्हणून तो प्रश्न आम्ही तिथेच सोडला.

चिंचपेटीमुळे गळ्याचा निर्णय आपोआप झाला. मोत्यांची ती पट्टी गळ्याशी घट्ट बसते, तेव्हा खाली मान आणि गळ्याची हाडे मोकळी हवीत. बंद किंवा उंच गळ्यावर ती गुदमरते. बिनपट्ट्यांचा गाऊन घ्यावा का, यावर बराच विचार केला. असा गाऊन छातीवर घट्ट बसल्याने टिकतो असा समज आहे, पण चांगल्या शिवणीचा गाऊन कंबरेवर तोललेला असतो: आत बोनिंगच्या उभ्या ताठ पट्ट्या असतात आणि कंबरेशी एक न ताणणारी फीत आतल्या आत हुकांनी आवळलेली असते. ती फीत नसेल तर मुलीचे दोन्ही हात रात्रभर काखेपाशी गाऊन वर ओढण्यातच जातात. आम्ही पाहिलेल्या बिनपट्ट्यांच्या सहा गाऊनपैकी एकातच ती फीत होती, आणि त्याची किंमत आमच्या बेताबाहेर होती.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी शेवटी आमचा गाऊन सापडला. गर्द मोरपंखी क्रेप, ए-लाइन, प्रिन्सेस कट, दोन बोटे रुंद पट्टे, समोर बदामाच्या वरच्या कडेसारखा गळा. किंमत २६० डॉलर. न्यू जर्सीत नेहमीच्या कपड्यांवर विक्रीकर नाही, तेवढाच दिलासा. मी तो आतून उलटा करून पाहिला. अस्तर पूर्ण होते, शिवणीच्या कडा सुटत नव्हत्या, आणि बाजूच्या दोन्ही शिवणींत दोन्ही अंगांना एक-एक इंच माया होती. इतक्या किमतीच्या गाऊनमध्ये एवढी माया मी पहिल्यांदाच पाहत होते. कापडाचा एक कोपरा मुठीत दहा सेकंद घट्ट दाबून सोडला; सॅटिनवर चुण्या राहतात, तशा यावर राहिल्या नाहीत. गाडीत बसून तासभर जायचे आणि मग छायाचित्रे काढायची, तेव्हा ही साधी परीक्षा प्रत्येकीने करावी.

मग मुलीची परीक्षा. मी तिला ट्रायल रूममधल्या खुर्चीत पाच मिनिटे बसायला सांगितले. उभी असताना अचूक बसणारा कपडा बसल्यावर कुठे टोचतो ते तेव्हाच कळते. आधीच्या एका गाऊनमध्ये बोनिंगचे टोक बरगडीखाली रुतून तांबडी रेघ उमटली होती. तिने दोन्ही हात वर केले, खाली वाकून पर्स उचलली, दुकानाच्या दोन पायऱ्या चढली-उतरली, जागच्या जागी गिरकी घेतली. मी फक्त हात पाहत होते. ते कुठेच गेले नाहीत. उलट गिरकीनंतर तिने दोन्ही हातांनी घेर थोडा उचलून धरला आणि स्वतःशीच हसली. दुकानदाराने आमच्या शाळेचे नाव विचारून वहीत लिहून घेतले, कारण एकाच शाळेच्या दोन मुलींना एकच गाऊन विकायचा नाही अशी पद्धत इथल्या पुष्कळ दुकानांत पाळतात.

दुरुस्तीसाठी एप्रिलचा आणि मेचा बराच काळ राखून ठेवावा. शिवणकाम करणाऱ्या चांगल्या बायकांकडे एप्रिल उजाडताच रांग लागते, आणि मणी-टिकल्यांचे काम असेल तर शिवणीवरचा एकेक मणी हाताने काढून पुन्हा लावावा लागत असल्याने वेळ आणि मजुरी दोन्ही वाढतात. आमच्या गाऊनवर तसे काम नव्हते. पहिल्या फिटिंगला बाईंनी पट्टे खांद्यातून एक इंच उचलले. एवढ्याच बदलाने कंबर जागेवर आली, मुंढ्याची फट मिटली आणि पोटावरची घडी नाहीशी झाली. दुसऱ्या फिटिंगला बाजूंच्या शिवणी कंबरेत आत घेतल्या. माया कापून टाकू नका, आतल्या आत दुमडून ठेवा, असे मी त्यांना सांगितले.

तिसरे फिटिंग उंचीचे. त्या दिवशी प्रॉमला घालायच्याच चपला पायात हव्यात. अर्ध्या इंचाच्या फरकाने काठ पायात येतो. चपला आम्ही दोन इंची जाड टाचेच्या घेतल्या होत्या, त्यांविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही. मुलगी लाकडी चौथऱ्यावर सरळ, समोर पाहत उभी राहिली. आपण खाली पाहिले की पुढचा काठ खाली येतो, म्हणून बाईंनी तिला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सांगितले, आणि स्वतः गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून, जमिनीपासून पाऊण इंचावर गोल फिरत टाचण्या लावल्या. साडेचार इंच कापड कमी झाले. काठाच्या आत त्यांनी हॉर्सहेअर ब्रेडची पट्टी घातली. नाव घोड्याच्या केसांचे असले तरी आता ती बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टरची असते, आणि तिच्यामुळे काठ पायांपासून किंचित दूर राहतो व चालताना गुंतत नाही. बाकी काठ त्यांनी हातशिलाईने घातला. बाहेरून एक टाका दिसत नाही. सगळ्याचे ९५ डॉलर झाले, आणि ते मला गाऊनच्या किमतीहून अधिक सार्थकी लागलेले वाटतात.

प्रॉमच्या संध्याकाळी ती अंगणात छायाचित्रांसाठी उभी होती, मनगटावर फुलांचा गुच्छ, गळ्यात चिंचपेटी. आजी सकाळची पूजा आटोपती घेऊन व्हिडिओवर येऊन बसली होती. रात्री साडेअकराला मुलगी परतली तेव्हा चपला हातात होत्या, काठ धुळीने किंचित काळवंडला होता, आणि ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन तासभर गप्पा मारत बसली; गाऊन बदलायची तिला आठवणही झाली नाही.

गाऊन आता सुती पिशवीत टांगून ठेवला आहे. पेनसिल्वेनियात राहणारी तिची मामेबहीण पुढच्या वर्षी शेवटच्या वर्षात जाईल आणि तिला तो हवा आहे. तिची कंबर हिच्यापेक्षा चार इंचांनी अधिक आहे. काल मी तो पुन्हा उलटा केला आणि हिशेब मांडला: आत घेतलेल्या शिवणी सोडल्या की दीड इंच मिळतो, आणि त्यापुढे मूळच्या मायेतला पाव इंच शिवणीसाठी राखला तरी दोन्ही बाजूंचे मिळून आणखी तीन इंच निघतात. उंचीने ती हिच्याएवढीच आहे. उसवायला मी या शनिवारी बसणार आहे.